‘नेट स्लो आहे’ हे निदान नव्हे

नोव्हेंबर २०१८ मध्ये डहाणू व तलासरी या तालुक्यांतील जमीन हादरू लागली आणि धुंदलवाडी हे तोवर बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसलेले गाव राज्यभर चर्चेत आले. धक्के बहुधा लहान होते. पण ते एकामागून एक येत राहिले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४ पेक्षा अधिक तीव्रतेचा धक्का बसला. त्या वेळी घराबाहेर धावताना पडून दोन वर्षांची एक बालिका दगावली. ऐन थंडीत कुटुंबांच्या कुटुंबांनी तंबूंत रात्री काढल्या. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था आणि दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यांनी या परिसरात भूकंपमापक यंत्रे बसविली, आणि पायाखालच्या जमिनीत नेमके काय चालले आहे हे त्या यंत्रांच्या नोंदींतून उलगडू लागले.

भूकंपाचे केंद्र एका यंत्रावरून काढता येत नाही. निरनिराळ्या ठिकाणच्या यंत्रांवर लहरी कोणत्या क्षणी पोहोचल्या, याची तुलना करावी लागते. म्हणजे या नोंदी एका ठिकाणी गोळा झाल्या पाहिजेत. एक केंद्र मागे राहिले तर उत्तर येते, पण ते ढोबळ असते. क्षणाक्षणाची नोंद थेट पोहोचविण्यासाठी भूकंपशास्त्रात स्वतंत्र प्रणाली आहेत. तथापि दिवसभराचा साठा एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचा झाला, तर जगभरात सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग ‘सिक्युअर शेल’ अर्थात ‘एसएसएच’ हाच आहे. रुग्णालयाचे अहवाल, महाविद्यालयाचे निकाल, पतसंस्थेच्या रात्रीच्या प्रती, सरकारी कार्यालयातील स्कॅन केलेले दस्तऐवज हे सारे याच वाटेने ये-जा करतात.

आणि ही वाट अडली की तालुक्याच्या गावी एकच वाक्य ऐकू येते : ‘नेट स्लो आहे.’ या वाक्यापाशी चौकशी संपते. मग जास्त वेगाची जोडणी घेण्याचा प्रस्ताव जातो, पैसे भरले जातात आणि फाइल पूर्वीइतकीच रेंगाळत जाते. ‘अंगात कणकण आहे’ हे जसे रोगाचे नाव नव्हे, तसे ‘नेट स्लो आहे’ हेही निदान नव्हे. एसएसएचवरून फाइल सावकाश जाण्याची निदान अर्धा डझन कारणे असतात. प्रत्येकाची लक्षणे निराळी आणि उपायही निराळा. ती ओळखायची कशी, हे आज पाहू.

एसएसएच आले कोठून?

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी गुपचूप पासवर्ड टिपून घेण्याचा प्रकार उघडकीस आला. त्या काळी दूरच्या संगणकावर काम करण्यासाठी ‘टेलनेट’ आणि फाइल पाठविण्यासाठी ‘एफटीपी’ वापरीत. दोहोंतही पासवर्ड उघडपणे तारेवरून जात असे. पोस्टकार्डावर तिजोरीचा क्रमांक लिहून पाठविण्यासारखाच हा प्रकार. तेथील संशोधक ताटू यलोनेन यांनी त्याच वर्षी संपूर्ण संभाषण कूटबद्ध करणारी प्रणाली लिहिली आणि सर्वांसाठी खुली केली. एफटीपीचे दार २१ क्रमांकाचे आणि टेलनेटचे २३ क्रमांकाचे; मधला २२ क्रमांक यलोनेन यांनी मागून घेतला आणि तो त्यांना मिळाला. एसएसएच आजही त्याच दारावर उभे आहे. १९९९ साली ‘ओपनबीएसडी’ प्रकल्पाने ‘ओपनएसएसएच’ ही मुक्त आवृत्ती काढली. जगातील बहुसंख्य सर्व्हर आज तीच वापरतात.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की एसएसएच जन्मले ते सुरक्षिततेसाठी, वेगासाठी नव्हे. त्याच्या आत पाठविण्या-स्वीकारण्याची स्वतःची शिस्त आहे आणि ती इंटरनेटच्या मूळ शिस्तीच्या वर बसविलेली आहे. सावकाशपणाची अनेक मुळे या दुहेरी शिस्तीत सापडतात.

प्रथम हिशेब मांडावा

कोणत्याही तपासाआधी ‘किती वेळ लागायला हवा?’ हा प्रश्न विचारावा. बहुतेक जण तो विचारीतच नाहीत.

भूकंपमापकाचेच उदाहरण घेऊ. यंत्र तीन दिशांचे कंपन मोजते. प्रत्येक दिशेच्या सेकंदाला १०० नोंदी आणि प्रत्येक नोंदीला ४ बाइट धरले, तर सेकंदाला १,२०० बाइट होतात. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे एका केंद्राची दिवसाची माहिती सुमारे १०४ मेगाबाइट. दहा केंद्रांची मिळून ती साधारण एक गिगाबाइट भरते. हा आकडा दाबून लहान न केलेल्या नोंदींचा आहे. प्रत्यक्षात नोंदी दाबून ठेवल्या जातात व आकार बराच कमी होतो. पण हिशेबाला एक गिगाबाइट सोयीचे आहे.

आता जोडणीचा वेग पाहू. कंपन्या वेग ‘मेगाबिट’मध्ये सांगतात, फाइल मात्र ‘मेगाबाइट’मध्ये मोजली जाते. आठ बिट म्हणजे एक बाइट. २० मेगाबिटची जोडणी सेकंदाला अडीच मेगाबाइटच वाहून नेते. या गतीने एक गिगाबाइट जायला ४०० सेकंद, म्हणजे सात मिनिटांहून थोडा कमी वेळ लागावा. वरखर्च धरून आठ मिनिटे म्हणू. प्रत्यक्षात दहा मिनिटे लागली तर तक्रारीला जागा नाही; पाऊण तास लागला तर शोध घ्यायला हवा.

येथेच आणखी एक गोष्ट पडताळावी. जाहिरातीतला वेग पुष्कळदा माहिती उतरवून घेण्याचा असतो; पाठविण्याचा वेग त्याहून फार कमी असू शकतो. टेलिफोनच्या तारेवरील जुन्या ब्रॉडबँडमध्ये हा फरक आठ-दहा पटींचा असे. फाइल ‘वर’ पाठवायची असेल तर ‘वर’ जाण्याचाच वेग विचारात घ्यावा. काही तक्रारी या पायरीवरच निकालात निघतात.

रस्ता रुंद, पण ट्रक दहाच

समजा, पाठविण्याचा वेग खरोखर २० मेगाबिट आहे, तरीही फाइल रेंगाळते. आता अंतराकडे वळावे.

तलासरीकरांना हे समजावून सांगायला मुंबई-अहमदाबाद महामार्गाइतके चांगले साधन नाही. पूर्वी ८ क्रमांकाचा आणि आता ४८ क्रमांकाचा हा राष्ट्रीय महामार्ग तलासरीतूनच गुजरातेत शिरतो. एका मालवाहतूकदाराकडे दहा ट्रक आहेत असे समजा. माल हैदराबादला पोहोचवून, पोच घेऊन ट्रक परत आल्याशिवाय त्याला दुसरी खेप पाठविता येत नाही. आता सरकारने महामार्ग आठपदरी केला, तर त्याचा माल जास्त जाईल काय? नाही. ट्रक दहाच आहेत. त्याचा व्यवसाय रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून नाही. तो ट्रकांची संख्या आणि एका फेरीला लागणारा वेळ यांवर ठरतो.

इंटरनेटवर ‘बँडविड्थ’ म्हणजे रस्त्याची रुंदी. ‘विंडो’ म्हणजे पोच येण्याची वाट न पाहता एका वेळी रस्त्यावर सोडता येणारा माल. आणि फेरीचा वेळ म्हणजे माहिती जाऊन तिची पोच परत येईपर्यंतचा काळ. हा काळ ‘पिंग’ या साध्या आज्ञेने मिलिसेकंदांत कळतो. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तलासरी ते हैदराबाद हे अंतर सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरांहून थोडे अधिक. म्हणजे जाऊन-येऊन किमान साडेसहा मिलिसेकंद हवेतच. केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत अनेक यंत्रे लागतात. म्हणून प्रत्यक्षात ४० मिलिसेकंद लागतात असे धरू. अमेरिकेतील सर्व्हरसाठी तोच आकडा २०० किंवा त्याहून अधिक होतो.

इंटरनेटचा पाया असलेल्या ‘टीसीपी’ या प्रणालीत विंडोचा आकार लिहायला मुळात १६ बिटांचीच जागा होती. त्यामुळे ती ६४ किलोबाइटच्या पुढे जाऊ शकत नसे. ही मर्यादा ओलांडण्याची तरतूद १९९२ मध्ये झाली. पण एसएसएचच्या आत त्याची स्वतःची दुसरी विंडो असते, आणि जुन्या ओपनएसएसएचमध्ये तीही अशीच तोकडी होती. ६४ किलोबाइटला २०० मिलिसेकंदांनी भागले, की सेकंदाला सुमारे ३२८ किलोबाइट येतात, म्हणजे २.६ मेगाबिट. आपली एक गिगाबाइटची फाइल या गतीने ५१ मिनिटे घेईल. जोडणी २० मेगाबिटची असो, ४० ची असो वा १०० ची, ५१ मिनिटांत एका मिनिटाचाही फरक पडणार नाही. जादा वेगासाठी भरलेले पैसे वाया जातात ते असे.

अमेरिकेतील पिट्सबर्ग सुपरकम्प्युटिंग सेंटरमध्ये ख्रिस रॅपिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाच अनुभव आला. संशोधनासाठी अतिवेगवान जाळे उपलब्ध, आणि एसएसएच मात्र त्याचा लहानसा अंशच वापरू शकत होते. त्यांनी मोठ्या विंडोची सुधारित आवृत्ती तयार केली. तिचे नाव ‘एचपीएन-एसएसएच’. पुढे २००७ मध्ये ओपनएसएसएचनेही आपली विंडो वाढविली. आज ती साधारण दोन मेगाबाइट असते. २०० मिलिसेकंदांच्या फेरीवर तिच्यातून सुमारे ८४ मेगाबिटचा वेग निघतो. तालुक्याच्या जोडणीला तो पुरेसा आहे. पण एक गिगाबिटच्या जोडणीचा तो दहावा हिस्साही नव्हे.

या दोषाची ओळख पटविणारी एक सोपी कसोटी आहे. मिळालेला वेग आणि फेरीचा वेळ यांचा गुणाकार करावा. मुंबई, हैदराबाद आणि परदेश अशा तीन ठिकाणी तीच फाइल पाठवून तिन्ही गुणाकार जवळपास सारखे आले, तर समजावे, की विंडो तोकडी आहे. दुसरी खूण अशी : एकाच वेळी चार फायली पाठविल्या असता एकूण वेग जवळजवळ चौपट झाला, तर रस्ता मोकळाच आहे, ट्रक कमी पडताहेत. उपायही यातूनच निघतो. दोन्ही टोकांची प्रणाली अद्ययावत करावी, फाइल तुकड्यांत समांतर पाठवावी, किंवा शक्य असल्यास जवळचा सर्व्हर निवडावा.

वाटेत हरवलेला माल

फेरीचा वेळ कमी आहे, विंडो पुरेशी आहे, तरीही वेग कधी चढतो, कधी एकदम कोसळतो. असा चढउतार दिसला की पॅकेट वाटेत गहाळ होत असल्याचा संशय घ्यावा.

ऑक्टोबर १९८६ मधील एक घटना या विषयात नेहमी सांगितली जाते. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातील अंतर अवघे ४०० यार्ड. तेथील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकदम ४० बिटांवर घसरला. व्हॅन जेकबसन यांनी शोध घेतला, तेव्हा तार धडधाकट होती. गर्दीत पॅकेट गहाळ होत, संगणक ती पुन्हा पाठवीत, त्याने गर्दी आणखी वाढे. जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला : पॅकेट हरवले तर ती गर्दीची खूण समजावी, पाठविण्याचा वेग निम्म्यावर आणावा आणि मग हळूहळू वाढवावा. त्या शिस्तीने इंटरनेट तरले.

पण गर्दी नसताना पॅकेट हरवले तर? केबलच्या सांध्यात पाणी शिरले, तंतूला मुरड पडली, वायरलेस जोडणीच्या वाटेत झाडाच्या फांद्या आल्या, तरी पॅकेट गहाळ होतेच. टीसीपी त्यालाही गर्दीच समजते आणि वेग घटविते. जुन्या पद्धतीच्या टीसीपीसाठी हा परिणाम गणिताने काढता येतो. ४० मिलिसेकंदांच्या फेरीवर दहा हजारांत एक पॅकेट हरवत असेल, तर सुमारे ३६ मेगाबिटपर्यंत वेग मिळू शकतो. शंभरात एक हरवू लागले, की तोच वेग साडेतीन मेगाबिटच्या आसपास येतो. शंभरात एक हा तोटा कानाला किरकोळ वाटतो. फाइलच्या दृष्टीने तो घातक असतो.

‘एमटीआर’ हे साधन वाटेतील प्रत्येक टप्पा दाखविते. मात्र त्यात एक खाचखळगा आहे. मधल्या एखाद्या टप्प्यावर गळती दिसली आणि त्यापुढील टप्प्यांवर ती दिसली नाही, तर तो दोष मानू नये. ते यंत्र पिंगला उत्तर देण्यात टाळाटाळ करीत आहे, इतकेच. गळती एका टप्प्यापासून सुरू होऊन अखेरपर्यंत टिकली, तरच ती खरी. ही मोजणी सकाळी, दुपारी आणि रात्री अशी तीन वेळा करावी. केवळ संध्याकाळी गळती होत असेल तर गर्दी. पावसातच होत असेल तर तारेची दुरुस्ती. सेवा देणाऱ्या कंपनीकडे ‘नेट स्लो आहे’ असे सांगण्याऐवजी वेळ, टप्पा आणि गळतीचे प्रमाण लिहून दिले, तर ती तक्रार टोलविणे अवघड जाते.

दहा हजार चिठ्ठ्या

काही वेळा एक मोठी फाइल झपाट्याने जाते, पण तेवढ्याच एकूण आकाराच्या हजारो लहान फायली तासन्‌तास घेतात. हा दोष जाळ्याचा नव्हेच. प्रत्येक फाइलसाठी ‘उघड’, ‘लिही’, ‘बंद कर’ अशी देवाणघेवाण होते आणि प्रत्येक वेळी एक फेरी खर्ची पडते. दहा हजार फायली, प्रत्येकीला तीन फेऱ्या आणि फेरीला ४० मिलिसेकंद. म्हणजे १,२०० सेकंद, वीस मिनिटे, नुसती वाट पाहण्यात जातात. दहा हजार चिठ्ठ्या दहा हजार वेळा पोस्टात नेऊन टाकाव्यात, तसेच हे.

उपाय सोपा आहे. ‘टार’ या साधनाने साऱ्या फायलींचे एक गाठोडे बांधावे आणि ते पाठवावे. रोज तोच साठा थोड्याफार फरकाने पाठवायचा असेल तर ‘आरसिंक’ वापरावे. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ते प्रसिद्ध केले. दोन्ही टोकांच्या फायलींची तुलना करून ते बदललेला भागच पाठविते. शिवाय जोडणी मध्येच तुटली तर योग्य पर्याय निवडल्यास उरलेल्या भागापासून पुढे जाते. वीज आणि जोडणी दोन्ही बेभरवशाच्या असतील, तेथे या एका गुणाचे मोल फार मोठे.

दोष रस्त्याचा की घरचा?

आतापर्यंत आपण रस्त्याचा विचार केला. पण गोदामाचे दारच अरुंद असेल तर? पाठविणारी हार्ड डिस्क सावकाश वाचत असेल, स्वीकारणारी सावकाश लिहीत असेल, किंवा कूटबद्ध करण्याच्या कामात प्रोसेसर थकत असेल.

येथे एक सुंदर चाचणी उपयोगी पडते. लिनक्समध्ये ‘झीरो’ नावाची एक खास फाइल असते. तिच्यातून शून्यांचा अखंड प्रवाह निघतो. आणि ‘नल’ नावाची दुसरी फाइल असते. तिच्यात टाकलेले सारे नाहीसे होते. एका टोकाची शून्ये एसएसएचमधून दुसऱ्या टोकाच्या ‘नल’मध्ये सोडली, तर दोन्ही डिस्क तपासातून बाहेर पडतात. या चाचणीत वेग भरपूर आला आणि खऱ्या फाइलला आला नाही, तर दोष डिस्कचा. मात्र या वेळी एसएसएचचा माहिती दाबण्याचा पर्याय बंद ठेवावा. शून्ये दाबली की जवळजवळ नाहीशी होतात आणि वेग खोटाच फुगलेला दिसतो. मग ‘आयपर्फ’ या साधनाने कूटलेखनाशिवाय निव्वळ जाळ्याचा वेग मोजावा. आयपर्फला वेग मिळाला आणि शून्यांना मिळाला नाही, तर अडचण एसएसएच किंवा प्रोसेसर यांत आहे.

प्रोसेसरचा संशय ‘टॉप’ आज्ञेने फिटतो. एसएसएचचे एक कनेक्शन बहुधा प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर चालते. म्हणून चार गाभ्यांच्या यंत्रावर एकूण वापर २५ टक्के दिसत असला, तरी तो एक गाभा पुरता दमलेला असू शकतो. २०१० पासूनच्या अनेक प्रोसेसरांत ‘एईएस’ या कूटपद्धतीसाठी खास सूचना असतात, त्यामुळे काम हलके होते. पण दुर्गम ठिकाणी कमी विजेवर चालणारी लहान यंत्रे वापरतात. ‘रास्पबेरी पाय’च्या चौथ्या पिढीपर्यंत ही सोय नव्हती. अशा यंत्रांवर ‘चाचा-२०’ ही पद्धत अधिक वेगाने चालते; ओपनएसएसएचमध्ये ती २०१४ मध्ये आली. ज्यांना पूर्वसंस्कार म्हणून ‘कूटलेखनच बंद करा’ असे सुचते, त्यांनी १९९५ ची हेलसिंकीतील घटना पुन्हा वाचावी.

माहिती दाबण्याच्या पर्यायाबद्दल एक शब्द. मजकुराच्या फायली आणि मंद जोडणी असेल तर तो लाभदायक. छायाचित्रे, चित्रफिती किंवा आधीच दाबलेल्या फायली असतील तर त्याने फायदा होत नाही, प्रोसेसर मात्र शिणतो.

दोन फसवी लक्षणे

पहिले लक्षण असे : फाइल भराभर जाते, पण पासवर्ड विचारण्याआधीच दहा-वीस सेकंद थांबावे लागते. येथे फाइलीचा काही संबंध नाही. पुष्कळदा समोरचा सर्व्हर आलेल्या पत्त्याचे नाव शोधीत बसलेला असतो, आणि नाव सांगणारा सर्व्हर उत्तरच देत नाही. एसएसएच आज्ञेला ‘व्ही’ हा पर्याय जोडला असता प्रत्येक पायरी पडद्यावर उमटते. ती कोणत्या ओळीवर थबकते ते पाहिले, की अर्धे निदान झाले. रोज शेकडो लहान फायली स्वतंत्र जोडणीने पाठविणाऱ्या यंत्रणेत हे दहा सेकंद तासांत रूपांतरित होतात.

दुसरे लक्षण अधिक चमत्कारिक. प्रवेश मिळतो, लहान आज्ञा चालतात. पण मोठी फाइल पाठवायला घेतली, की काही क्षणांत सारे गोठते. येथे पॅकेटच्या आकाराचा संशय घ्यावा. साधारण नेटवर्कवर एक पॅकेट १,५०० बाइटांचे असते. पण ब्रॉडबँडच्या एका प्रचलित पद्धतीत ८ बाइट वेष्टनाला लागतात आणि १,४९२ उरतात. व्हीपीएनमध्ये त्याहून कमी. रस्त्यात कमी उंचीची कमान असावी, उंच ट्रक तेथे अडावा, आणि ‘ट्रक अडला’ हा निरोपही मालकापर्यंत पोहोचू नये, तशी ही अवस्था. तो निरोप पुष्कळदा अतिदक्ष फायरवॉलच अडवितो. तुकडे न करण्याची अट घालून निरनिराळ्या आकारांचे पिंग पाठविले, की कमानीची उंची कळते. मग पॅकेटचा आकार तेवढा कमी करावा.

तपासाचा क्रम

या साऱ्याचा क्रम थोडक्यात असा. आधी अपेक्षित वेळेचा हिशेब. मग थांबणे प्रवेशाला आहे की फाइलला, हे पाहणे. त्यानंतर फेरीचा वेळ आणि गळती. पुढे आयपर्फ, मग शून्यांचा प्रवाह, मग मोठी खरी फाइल आणि शेवटी अनेक लहान फायली. ज्या पायरीवर वेग कोसळतो, तेथे दोष. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक मोजणी तारीख-वेळेसह वहीत लिहावी. सारे काही सुरळीत असताना केलेल्या मोजणीचीही नोंद असावी. निरोगी माणसाची नाडी ठाऊक नसेल, तर आजाऱ्याची कशी ओळखावी? यांतील बहुतेक साधने विनामूल्य आहेत. साऱ्या तपासाला एक दुपार पुरते.

अर्ध्या सेकंदाचे मोल

‘थोडा उशीर झाला तर काय बिघडले?’ असे विचारणाऱ्यांसाठी अलीकडची एक घटना सांगण्याजोगी आहे. २०२४ च्या मार्च महिन्यात अँड्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधील अभियंते ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसच्या वेगाची मोजणी करीत होते. एसएसएचने प्रवेश घ्यायला पूर्वी सुमारे ०.३ सेकंद लागे, तो आता ०.८ सेकंद लागतो आणि प्रोसेसरही विनाकारण राबतो, असे त्यांच्या ध्यानात आले. अर्धा सेकंद! दुसरा कोणीही ‘नेट स्लो आहे’ म्हणून पुढे गेला असता. फ्रॉइंड यांनी माग काढला. ‘एक्सझेड’ या फायली दाबणाऱ्या, असंख्य लिनक्स यंत्रांवर असणाऱ्या साधनाच्या नव्या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसविला होता. ते ठेवणाऱ्याने खोट्या नावाने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक स्वयंसेवकाचे सोंग वठविले होते. २९ मार्च २०२४ रोजी फ्रॉइंड यांनी ही गोष्ट जाहीर केली. त्या आवृत्त्या तोवर बहुसंख्य सर्व्हरांपर्यंत पोहोचल्या नव्हत्या, म्हणून जग थोडक्यात बचावले.

फ्रॉइंड यांच्याजवळ अलौकिक असे काही नव्हते. नेहमीचा आकडा किती असतो हे त्यांना ठाऊक होते आणि तो बदलल्यावर ‘का?’ असे त्यांनी विचारले.

तलासरीच्या कार्यालयात खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ‘सर्व्हर चालत नाही, उद्या या’ असे सांगितले जाते, तेव्हा त्याचा एक दिवसाचा रोज बुडतो आणि पाड्यापर्यंतचे येण्याजाण्याचे भाडेही जाते. धरणीकंपाच्या नोंदी वेळेवर पोहोचल्या नाहीत, तर त्याच माणसाच्या घराखालच्या जमिनीविषयीचे उत्तर लांबते. संगणकाच्या पडद्यावर रेंगाळणारी रेघ ही तंत्रज्ञांची खासगी डोकेदुखी नव्हे. तिच्या दुसऱ्या टोकाला नेहमी कोणीतरी ताटकळत असते. म्हणून पुढच्या वेळी ‘नेट स्लो आहे’ असे कानावर आले, तर एवढेच विचारावे : किती मिलिसेकंद, शंभरात किती गहाळ, आणि वहीत काल काय लिहिले आहे?